माझा मुलगा गोलकीपर व्हायचं म्हणतो. क्लबकडून आणि देशाकडून खेळणाऱ्या गोलकीपरचं करिअर असतं तरी कसं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा नववीत आहे, वय १४, घर आर्णीकडच्या खेड्यात, शाळेच्या फुटबॉल संघात तो गोलात उभा राहतो, आणि यात पुढे काही आहे की नुसतं हातपाय मोडून घेणं आहे, हे तुम्हाला कळत नाही. मी वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटजवळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. कॉलेजात चार वर्षं गोलकीपर होतो, पुढे अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बी.पी.एड. केलं. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. संघात गोलकीपरची जागा एकच. फॉरवर्डला शेवटची वीस मिनिटं का होईना, बदली म्हणून उतरता येतं. गोलकीपर मात्र जखमी झाला किंवा त्याला लाल कार्ड मिळालं तरच सहसा बदलतात. मोठ्या स्पर्धेला तीन गोलकीपर नेतात, त्यातले दोघं बहुतेक वेळा बाकावरूनच परत येतात. त्यामुळे या खेळाडूच्या आयुष्यातली बरीच वर्षं वाट पाहण्यात जातात. त्या वर्षांत तो काय करतो, यावर त्याचं पुढचं सगळं ठरतं.

भारताचा गोलकीपर गुरप्रीतसिंग संधू, त्याचं बघा. मोहालीचा मुलगा, जन्म १९९२. जानेवारी २०११ मध्ये कतारला, दोहा शहरात, फुटबॉलचा आशिया कप झाला, तेव्हा १८ वर्षांचा गुरप्रीत भारताच्या चमूत होता, पण गोलात होता सुब्रत पाल. ऑस्ट्रेलियाने ४, बहारीनने ५, दक्षिण कोरियाने ४ असे भारतावर १३ गोल झाले. आकडा वाचून वाटेल, गोलकीपर कच्चा होता. पण ज्यांनी ते सामने पाहिले त्यांना विचारा. सुब्रतने इतके फटके अडवले की लोक त्याला ‘स्पायडरमॅन’ म्हणू लागले. गुरप्रीत ते सगळं बाकावरून बघत होता.

पुढे २०१४ मध्ये तो नॉर्वेच्या स्टाबेक क्लबकडे गेला. तिथेही तीन वर्षांत लीगचे सामने मोजकेच वाट्याला आले. थंडी, परकी भाषा, आणि रोजचा सराव करून पुन्हा बाकावर. पण त्याच क्लबकडून २०१६ मध्ये युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत तो खेळला, आणि तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय ठरला. २०१७ ला बेंगळुरू एफसीकडे आला.

मग आला १० सप्टेंबर २०१९. गाव तेच, दोहा. वर्ल्ड कप पात्रतेचा सामना, समोर कतार, त्याच वर्षीचे आशियाई विजेते. नेहमीचा कर्णधार सुनील छेत्री आजारी, म्हणून कर्णधाराचा पट्टाही गुरप्रीतच्या दंडावर. कतारने मारा थांबवलाच नाही, आणि सामना सुटला ०-०. मी तो घरी मोबाइलवर पाहिला. शेवटची दहा मिनिटं मला बसवेना, उभ्यानेच पाहिली. बाकावरच्या पोरापासून त्या रात्रीपर्यंत आठ वर्षं आहेत, ताई. तुमचा मुलगा आज १४ चा आहे, म्हणून मुद्दाम मोजून सांगतो.

क्लब आणि देश यात फरक काय, तर क्लबमध्ये रोजचा सराव असतो, गोलकीपरचा वेगळा प्रशिक्षक असतो, समोरचे चार बचावपटू वर्षभर तेच. कोण कुठे सरकणार, कुणाला ओरडून सांगावं लागतं, हे अंगवळणी पडलेलं असतं. देशाच्या शिबिरात तेच सगळं थोड्या दिवसांत जमवायचं, तेही वेगवेगळ्या क्लबांतून आलेल्या खेळाडूंबरोबर. म्हणून गोलकीपरचा आवाज हवा. मुलगा घरी कमी बोलत असेल तर चालेल, मैदानावर त्याने बोललंच पाहिजे. २०२३ च्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कुवेतची शेवटची पेनल्टी गुरप्रीतने अडवली, ती बेंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर. तेच त्याच्या क्लबचं घरचं मैदान.

त्याच मैदानावर २००४ मध्ये सुब्रत पालच्या वाट्याला फार वाईट दिवस आला होता. फेडरेशन कप या भारतातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याची धडक होऊन गोव्याच्या डेम्पो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर कोसळला आणि दगावला. सुब्रत तेव्हा अठराच्या आसपासचा होता. केवढं ओझं ते. तरी तो परत उभा राहिला, २००९ च्या नेहरू कपमध्ये अंतिम सामन्याच्या टायब्रेकरला सीरियाच्या तीन किक त्याने अडवल्या. गोलकीपरच्या मनाची ताकद कुठवर लागते, ते तुम्हाला आई म्हणून माहीत असावं, म्हणून हे लिहिलं.

आणखी मागे गेलं तर पीटर थंगराज. हैदराबादकडचे. सैन्यात गेले, सुरुवातीला सेंटर फॉरवर्ड होते, तिथे गोलकीपर झाले. १९५६ आणि १९६० ची ऑलिम्पिक खेळले, आणि १९६२ ला जाकार्तात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून भारताने आशियाई सुवर्ण जिंकलं, तेव्हा गोलात तेच होते.

वयाची काळजी करू नका. इटलीचा दिनो झॉफ ४० व्या वर्षी १९८२ चा वर्ल्ड कप जिंकला, तोही कर्णधार म्हणून. इजिप्तचा एसाम अल हदारी २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये ४५ वर्षांचा होता, आणि त्याने सौदी अरेबियाची पेनल्टी अडवली. इतर खेळाडू तिशीनंतर उतरणीला लागतात, गोलकीपर तेव्हा कुठे पिकतो.

आता आपल्याकडचं. शाळेत असताना आमच्या गावात बांबूचे खांब होते, अंदाजाने रोवलेले. पहिल्यांदा जिल्ह्याला खेळायला गेलो आणि खऱ्या गोलात उभा राहिलो तेव्हा दोन्हीकडे नुसती मोकळी जागा दिसली, पाय कुठे ठेवावा कळेना. खरं माप २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच, म्हणजे ७.३२ आणि २.४४ मीटर. टेपने मोजूनच खांब रोवा. आणि त्याला लाइनवर चिकटून राहू देऊ नका. चेंडू येतो त्या बाजूला दोन पावलं पुढे आलं की मारणाऱ्याला गोल छोटा दिसतो. हा कोन साधणं उड्या मारण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, दगडासारखी होते. तिच्यावर डाइव्ह मारली की कोपर सोलून निघतं. आम्ही सोयाबीनचं कुटार पोत्यांत भरतो आणि पोती जमिनीवर अंथरून पोरांना पडायला शिकवतो. आधी बसून, मग गुडघ्यावर, मग उभ्याने. पावसाळ्यात चिखल असतो तेव्हा पडणं सोपं, पण चेंडू हातातून निसटतो, म्हणून छातीशी कवटाळायची सवय तेव्हाच लावावी. बोट सुजलं तर चोळू नका. माझी करंगळी कॉलेजच्या एका स्पर्धेत मोडली, मी गावात चोळून घेतली, ती आजही सरळ होत नाही. एक्स-रे काढा. माझी आई तेव्हा म्हणाली होती, ‘हात मोडला तं कापूस कोण वेचन?’ तिचं बरोबर होतं. तुमचाही प्रश्न तिथूनच आला असणार.

पायाने खेळणं शिकू द्या. १९९२ पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता येत नाही, त्यामुळे पाय कच्चा असलेला गोलकीपर वर सरकत नाही.

वाट अशी आहे: शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा होतात, सुब्रतो कप ही शाळांची देशपातळीवरची फुटबॉल स्पर्धाही शाळेमार्फतच. तिथे दिसलेल्या मुलांना शासनाच्या निवासी क्रीडाप्रबोधिनीची, अकादमींची दारं उघडतात. नागपूर आणि कामठीत फुटबॉलची जुनी परंपरा आहे, सुटीत तिथल्या मोठ्या मुलांचे सामने दाखवा. देशाच्या संघापर्यंत फार थोडे पोचतात, हे खरं आहे. पण शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, रेल्वे आणि पोलिसांत खेळाडू घेतात. त्यासाठी स्पर्धांची प्रमाणपत्रं नीट फाइलला लावत चला.

तुम्ही लिहिलंय की गोलामागे चेंडू आणून द्यायला त्याची धाकटी बहीण असते. तिलाही अधूनमधून हातमोजे द्या. भारताची माजी गोलकीपर अदिती चौहान २०१५ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट हॅम महिला संघाकडून खेळली आहे.

शाळांच्या स्पर्धा पोळ्याच्या आसपास सुरू होतात. तोवर खांब मापाने रोवून घ्या. त्याचा सराव चालू असताना गोलामागून एक व्हिडिओ काढा आणि इथे टाका. तो कुठे उभा राहतो ते बघून पुढचं सांगतो.