सेवेत पाय गमावलेल्या जवानाला पुढे काय मिळतं? तो खचत नाही का?

खचतो. कोण नाही खचत?

असं कुणी विचारलं की लोक हमखास मुरलीकांत पेटकरांचं नाव घेतात. माणूस मोठाच. सांगली जिल्ह्यातला, 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला. 1972 ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सुवर्ण, तेही विश्वविक्रमासह. पद्मश्री मात्र 2018 ला. मधल्या 46 वर्षांबद्दल उदाहरण देणारे काही बोलत नाहीत. आणि प्रत्येक जायबंदी पोरासमोर पेटकर नाचवणं मला पटत नाही. काहींना कुणाचा हात न धरता जिना चढता आला तरी पुष्कळ असतं.

मी सॅपर, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर तुकडीतला जवान. ऑपरेशन पराक्रम, म्हणजे 2001-02 ला पाकिस्तान सीमेवर फौज उभी केली होती ते, आटोपल्यावर राजस्थानात आपणच पेरलेले सुरुंग काढायचं काम आमच्या कंपनीकडे आलं. नकाशात सुरुंगाची जागा एक, वाळू सरकून तो भलतीकडेच. पोटावर पडून प्रॉडर, म्हणजे सुरुंग चाचपायची सळई, तिरका घालत बोट-बोट पुढं जायचं. साफ केलेल्या पट्ट्यातून परत येतानाच माझा डावा पाय गेला, गुडघ्याखालून. धमाका ऐकल्याचं आठवत नाही. बुटाच्या जळक्या रबराचा वास आठवतो.

पुढे पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर. 1944 पासून हेच काम करतात, कामात मुरलेले लोक आहेत. पण पाय बसवला की झालं, असं बाहेरच्यांना वाटतं. स्टंप, म्हणजे उरलेला पाय, आकसत जातो, तो ज्यात बसतो ते सॉकेट सैल पडतं, मग मोज्यावर मोजे चढवायचे. उन्हाळ्यात आत घाम साचून कातडी सोलवटते, की परत कुबड्या. आणि नसलेल्या पायाचा अंगठा रात्री खाजतो. तो खाजवणार कुठे? मणक्याला मार बसलेल्यांसाठी खडकीला पॅराप्लेजिक केंद्र आहे. तिथली पोरं व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळताना बघितली. एकमेकांना धडका देत होती, चुकलेल्याला खच्चून शिव्या घालत होती. कीव करणारं कुणी नव्हतं. बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटलं.

घरी उलटं. बहिणीच्या दिराच्या लग्नात, भर पंगतीत, थोरले दाजी म्हणाले, "आपल्याच सुरुंगावर पाय पडला म्हणजे अपघातच की तो. लढाईत थोडाच गेला? आणि पेन्शन चालू आहे, अजून काय पाहिजे?" दाजींना उलट बोलायची आमच्यात पद्धत नाही. मान खाली घालून जेवलो. पुढ्यातली जिलेबी तशीच राहिली.

तर आता नियम ऐका. ऑपरेशनल भागात, म्हणजे लष्करी मोहीम चालू असलेल्या भागात, सीमेजवळ, सुरुंग पेरताना किंवा काढताना झालेला स्फोट सरकार युद्धातली जखम धरते, सुरुंग आपला असो की शत्रूचा. ड्यूटीवरच्या साध्या अपघातात 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के मिळतात. युद्धातली जखम असून पुढे नोकरी पुरी करून निवृत्त झालात तर 60. अपंगत्वाची टक्केवारी कमी असेल तर रक्कम त्या प्रमाणात. शिवाय 50 टक्क्यांच्या खालचं अपंगत्व 50 धरतात, 50 ते 75 चं 75, वरचं सगळं 100. मी शेवटपर्यंत स्टोअरमध्ये ड्यूटी केली आणि मला युद्धातल्या जखमेचंच पेन्शन आहे. अपघात म्हणणाऱ्यांनी माझी पीपीओ, म्हणजे पेन्शनची ऑर्डर, बघून जावी.

मदत करायची असेल तर शाल-श्रीफळ राहू द्या. कागद सांभाळायला मदत करा. इंज्युरी रिपोर्ट, कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणजे लष्करी चौकशीचे कागद, अपंगत्व ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाची प्रत. बोर्डाने "सेवेशी संबंध नाही" असा शेरा मारला की पेन्शन अडलंच. आधी अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. 2013 च्या धरमवीर सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर नंतर आलेला आजार सेवेमुळेच आला असं गृहीत धरायचं, नाही हे सिद्ध करणं सरकारकडे. वकिलाला हा निकाल माहीत नसेल तर वकील बदला.

एक राहिलंच. वरचं सगळं जुन्या नियमांचं. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम लागू आहेत, काही ठिकाणी पेन्शनऐवजी "इम्पेअरमेंट रिलीफ" असा शब्द आलाय, तेव्हा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून घ्या. आणि तुमच्या घरातला मुलगा अग्निवीर असेल तर हे पेन्शन त्याला नाहीच. सेवेमुळे आलेल्या 100 टक्के अपंगत्वाला 44 लाख, 75 ला 25, 50 ला 15, एकरकमी.

दाजींच्या धाकट्यानं यंदा भरतीचा फॉर्म भरलाय. हे आकडे मीच त्याला समजावून सांगितले, दाजी समोर बसलेले असताना.