गाडीला सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसणारा पातळ संरक्षक थर) करताय? आधी हे बघा

बाटलीवरच्या '९एच'ला भुलू नका. तो पेन्सिल चाचणीचा, म्हणजे कमी-जास्त कडक पेन्सिलींनी ओरखडून बघण्याचा आकडा आहे. हायवेला खडी उडाली की टवका जाणारच. पैसे तयारीवर घाला: शाम्पू, क्ले बार (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी), पॉलिश आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं. पॉलिशचं तेल राहिलं तर कोटिंग धरत नाही. ओरखडे राहिले तर ते कोटिंगखाली तसेच दिसत राहतात.

घरी करायचं तर सावलीत, एकावेळी दोन बाय दोन फूट. इंद्रधनुषी झाक दिसली की मायक्रोफायबरने पुसा. उशीर झाला तर काळपट डाग वाळून बसतो, मग पॉलिश करूनच निघतो. पहिले २४ तास पाणी नको, आठवडाभर शाम्पू नको.

पुढचा खरा शत्रू बोअरचं पाणी. उन्हात धुऊन गाडी तशीच वाळू दिली की क्षारांचे पांढरे ठिपके पडतात, आणि ते कोटिंगवरही पडतात. पुसून कोरडी करा. ताज्या ठिपक्यांवर पांढरं व्हिनेगर नि पाणी निम्मं-निम्मं, मिनिटभरात धुऊन टाका. सोसायटीतला रोजचा ओला फडका मात्र बंदच करा. कोटिंगवर पाण्याचे थेंब बनेनासे झाले म्हणजे कोटिंग गेलंच असं नाही. बहुतेकदा वर मळ साचलेला असतो.