केअर मॅनेजर घ्या, पण वर्षाचं पॅकेज नको

नमस्कार ताई,

मेल वाचला. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो, ताईंचे बाबा ८१ चे, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन होऊन नुकतेच घरी आलेत. आई ७६ ची आणि तिचं विसरणं वाढत चाललंय. ताई ५० च्या, दुसऱ्या गावात नोकरी, भाऊ परदेशात. एका संस्थेनं केअर मॅनेजरचं, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीची सगळी व्यवस्था लावून तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचं, वर्षाचं पॅकेज देऊ केलंय, महिन्याची फी ताईंच्या हातात पडणाऱ्या पगाराच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकी. ते घ्यावं, की सरळ नोकरी सोडून आईबाबांकडे जाऊन राहावं, असा प्रश्न आहे.

नोकरी सोडू नका. पगार बंद होणं एवढंच नुकसान नसतं हो, पन्नाशीनंतरची ही आठ-दहा वर्षंच माणसाची सगळ्यात जास्त बचत होण्याची असतात, आणि तीन-चार वर्षांनी परत यायचं म्हटलं तर त्याच पोस्टवर त्याच पगारात कोण घेणार? वाचलेली फी आणि बुडालेला पगार शेजारी शेजारी लिहून बघा, गणित जुळतच नाही.

पण म्हणून पॅकेजवर लगेच सही करा असंही म्हणत नाही. मेलवरून वाटतंय की केअर मॅनेजर घेतला की आपण सुटलो, असं तुम्ही धरून चालताय. ती व्यक्ती बाबांना अंघोळ घालणार नाही, रात्री उठून बाथरूमला नेणार नाही. ते काम अटेंडंटचं, आणि त्याचे पैसे वेगळे द्यावेच लागतात. केअर मॅनेजर म्हणजे बहुतेक वेळा नर्सिंग किंवा सोशल वर्कमधून आलेला अनुभवी माणूस, आपण पैसे देतो ते त्याच्या नजरेचे आणि फोनाफोनीचे. अमेरिकेत अशा लोकांची संघटना १९८५ सालीच निघाली, तरी बऱ्याच ठिकाणी या कामाला वेगळं लायसन्स असं लागत नाही, त्यामुळे व्हिजिटिंग कार्ड कोणीही छापू शकतो, हे लक्षात असू द्या.

या नजरेची किंमत कुठे वसूल होते सांगतो. डिस्चार्जनंतरचा पहिला आठवडा घ्या. हॉस्पिटलनं नवीन गोळ्यांची यादी दिलेली असते, घरच्या डब्यात आधीच्या गोळ्या असतातच, आणि एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी दोन्हीकडे असतं, बाबा दोन्ही घेतात, बीपी खाली जातं, उठताना चक्कर येते आणि परत पडतात. शिवाय झोपेची गोळी, सर्दीची गोळी वगैरे. १९९१ मध्ये मार्क बिअर्स या डॉक्टरांनी म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी काढली, ती अजूनही वेळोवेळी सुधारली जाते, आणि झोपेच्या बऱ्याच गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या त्या यादीत आहेत. चांगला केअर मॅनेजर पहिल्याच भेटीत सगळ्या गोळ्या टेबलावर ओततो, एक यादी करतो आणि डॉक्टरांशी बोलून ती कमी करून घेतो. ही दोन-तीन तासांची फी मी डोळे मिटून देईन, कारण दुसरं फ्रॅक्चर म्हणजे परत ऑपरेशन, परत अटेंडंट, परत तुमची बिनपगारी रजा.

पण हे काम दर महिन्याला नसतं ना. डिस्चार्ज झाला, अटेंडंट बदलला, आईचं नवीन निदान आलं, घर हलवायचंय, अशा वेळी एकदम खूप लागतं आणि मधले कित्येक महिने एखादा फोन पुरतो. सपाट मासिक फी त्या शांत महिन्यांचीही कापली जाते. म्हणून माझं मत असं की आधी फक्त असेसमेंट (दोघांना काय जमतं, काय नाही याची पाहणी) आणि लेखी केअर प्लॅन (देखभाल कशी करायची ते) विकत घ्या, मग दहा-पंधरा तास आगाऊ घेऊन ठेवा आणि लागतील तसे वापरा. तासाचा दर पॅकेजपेक्षा चढाच असेल, असू दे.

असेसमेंटमध्ये आईकडे जास्त बघायला सांगा. तुम्ही लिहिलंय "आई स्वतःचं सगळं करते", म्हणजे अंघोळ, कपडे, जेवण. पण स्वतंत्र राहायला काय काय जमावं लागतं याची लॉटन आणि ब्रोडी या संशोधकांची १९६९ ची एक यादी आहे, तिच्यात फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैसे अशी आठ कामं येतात. विसरण्याच्या आजारात ही कामं आधी बिघडतात, अंघोळ बरीच नंतर. त्यातलं पैशाचं काम बिघडलेलं तर माझ्या पैशाच्या सल्ल्याच्या धंद्यात लगेच दिसतं, तेच बिल दोनदा भरलेलं असतं, एफडी मोडून कुणाच्या तरी फोनवरच्या सांगण्यावरून भलतीकडे टाकलेली असते. त्यामुळे आईला समजून सही करता येतेय तोवर वकिलाकडून कागदपत्रं करून घ्या. आई पुढे निर्णय घेऊ शकली नाही तर मुखत्यारपत्र चालेल का, हे वकिलांना स्पष्ट विचारा, हा कायदा सगळीकडे सारखा नाही. हे काम केअर मॅनेजरच्याही आधी.

आता पैसे कुणाचे. आईबाबांचे. तुम्ही पदरमोड करायला निघालायत ते मला पटत नाही, त्यांच्या एफडी त्यांच्या म्हातारपणासाठीच आहेत आणि म्हातारपण आलंय. मात्र पुढचा मोठा खर्च विसरू नका. आठवड्याचे तास १६८, चोवीस तास माणूस ठेवायचं म्हटलं तर ४२ तासांची एक अशी चार माणसं लागतात, एकाला राबवून भागत नाही. तुम्ही पाठवलेले अटेंडंटचे दर धरले तर पॅकेजची वर्षाची फी म्हणजे तशा सेवेचे जेमतेम दोन महिने. ते दोन महिने आत्ताच जाळू नका. आईसाठी मी वयाच्या ९५ पर्यंतचा हिशोब धरतो, म्हणजे अजून १९ वर्षं.

भाऊ म्हणतो "मी पैसे देतो, तू बघ". छान. मग एक वेगळं खातं काढा, केअर मॅनेजर आणि अटेंडंटचा सगळा खर्च त्यातूनच, आईबाबांच्या पैशाला कमी पडेल ते त्यानं भरायचं, आणि केअर मॅनेजरचा रिपोर्ट थेट दोघांना. तुमच्याकडून फोनवर ऐकून सल्ले देण्यापेक्षा त्याला रिपोर्ट वाचू दे.

संस्थेला विचारायचं ते असं. घरी प्रत्यक्ष कोण येणार आणि त्याच्याकडे अशी किती घरं आहेत, रात्री दोनला फोन कोण उचलतं, येण्याजाण्याचा वेळ बिलात धरता का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अटेंडंट पुरवणारी एजन्सी किंवा वृद्धाश्रम सुचवला तर त्यांच्याकडून कमिशन घेता का, हे लेखी मागा. उत्तर गोलगोल आलं तर दुसरीकडे बघा.

एक गोष्ट तुम्ही फुकटात करू शकता, फिजिओथेरपिस्ट हो म्हणाला की, आणि कोणीतरी शेजारी उभं राहून. बाबांना खुर्चीतून उठून ३ मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला सांगा आणि घड्याळ लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. आत्ता जास्तच लागतील, पण तीन महिन्यांनी परत मोजा, त्याच सुमारास किती तास वापरले तेही बघा. दर महिन्याला सात-आठ तास जात असतील, किंवा आईचं झपाट्यानं वाढलं, तर मासिक फी परवडेल, तेव्हा घ्या, पण तीस दिवसांच्या नोटिशीवर बंद करता येईल असंच. "याच आठवड्यात घेतलं तर सूट" म्हणत असतील तर ती सूट खुशाल सोडून द्या.