लॅव्हेंडरची छोटी रोपं कुंडीत जगत का नाहीत? खालची पानं वाळतायत, काय करू?

पुण्यातली बाल्कनी, मे महिन्यात नर्सरीतून आणलेली दोन रोपं, आता पावसाळ्यात खालची पानं तपकिरी आणि शेंडे मलूल. हे सगळं तुम्ही लिहिलंय आणि शेवटी म्हणताय, ‘रोज संध्याकाळी न चुकता पाणी घालतो.’ दुखणं त्या शेवटच्या वाक्यातच आहे.

माझी पहिली तीन रोपं अशीच गेली. आई सकाळी तुळशीला पाणी घालायची आणि तांब्यात उरलेलं ‘यालाही थोडं’ म्हणून लॅव्हेंडरला. संध्याकाळी रोप मान टाकलेलं दिसलं की मी परत घालायचो. तिसरं गेल्यावर उपटून पाहिलं. वरची माती कोरडी खडखडीत, पण मधोमध कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याचा भुसा) अंगठ्याएवढा गोळा, त्याला पातळ पांढरं जाळीदार कापड गुंडाळलेलं. गोळा पिळला तर पाणी गळलं. मुळं काळी पडलेली, ओढली की साल सुटून नुसता दोरा हातात येत होता.

तहानलेलं रोप आणि मुळं कुजलेलं रोप वरून अगदी सारखंच दिसतं. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून शेंडे झुकतात, आणि आपण आणखी पाणी ओततो. ओळखायचा सोपा उपाय म्हणजे कुंडी उचलून बघणं. रोप मलूल आहे आणि कुंडी जड लागतेय, तर पाणी अजिबात नको.

हे झाड मूळचं भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, चुनखडीच्या उतारांवरचं. तिकडे पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे ऊबही असते आणि ओलही, दोन्ही एकदमच, तीन-चार महिने. तेच त्याला सोसत नाही. (गंमत म्हणजे सह्याद्रीच्या खडकाळ उतारांवर लॅव्हेंडरचेच रानटी भाऊबंद पावसाळ्यानंतर फुलतात. त्यांना आपल्या हवेची सवय आहे, नर्सरीतल्या पाहुण्याला नाही.)

आता तुमच्या दोन रोपांचं. बुंध्याची साल नखाने जरा खरवडा. आत हिरवं दिसलं तर आशा आहे, तपकिरी आणि कोरडं असेल तर ते रोप गेलं. जिवंत असेल ते आजच कुंडीतून काढा. मुळांभोवती तसंच जाळीचं कापड निघालं तर कात्रीने कापून टाका, कोकोपीट हलक्या हाताने जितकं सुटेल तितकं झाडा, काळी मुळं छाटा. मग मातीच्याच कुंडीत लावा, प्लॅस्टिकच्या नको, आणि कुंडी सहा इंचांपेक्षा मोठी नको. ‘पुढे वाढेलच’ म्हणून लहान रोप बारा इंची कुंडीत लावलं तर मुळं पोचत नाहीत तिथली माती आठवडाभर ओली राहते. कुंडीखालची ताटली काढून दोन विटांवर कुंडी ठेवा.

माती मी अशी करतो: एक भाग लाल माती, एक भाग जाडी वाळू किंवा चाळलेला मुरूम, अर्धा भाग पर्लाइट (नर्सरीत मिळणारे हलके, पांढरे, सच्छिद्र दाणे), आणि गांडूळखत फार तर मूठभर. काळी माती नको, ती पाणी धरून बसते. खताचा सोस तर अजिबात नको. पानं लुसलुशीत होतात, फांद्या लांबट होऊन आडव्या पडतात आणि वासही कमी येतो.

पाणी द्यायचं ते सकाळी, बुंध्याशी, भरपूर, तळातून निथळेपर्यंत. त्यानंतर बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागेपर्यंत काही नाही. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही आणि आत हवा खेळती, तो सांभाळायचा, बस्स. लहान रोपाला पूर्ण वाळवूही नका, त्याची मुळं अजून उथळ असतात. पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली, पण उजेडात आणि वाऱ्यावर. एरवी सहा तास तरी ऊन हवंच, फक्त एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली द्या.

रोप सावरून वीतभर झालं की शेंडे खुडा, आणि पहिली फुलं आली तर तीही. जिवावर येतं, पण त्यानेच बाजूचे फुटवे येतात. पुढे छाटणी कराल तेव्हा हिरव्या भागातच करा. तपकिरी लाकडात कापलं तर बहुधा परत फुटत नाही.

बियांच्या नादी लागू नका असं मी म्हणेन. महिनाभर फ्रीजमध्ये ठेवा, मग उगवायला आणखी दोन ते चार आठवडे. त्यापेक्षा फूल नसलेल्या फांदीचा तीन-चार इंचांचा शेंडा घ्या, खालची पानं काढा आणि ओलसर वाळूत खोचा. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात करून बघा.

शेवटी जातीचं. जम्मूकडे डोडा जिल्ह्यातल्या भदरवाहमध्ये ज्याची शेती होते ते अरुंद, सरळ कडेच्या पानांचं लॅव्हेंडर. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो. पुण्यात ते जगलं तरी फुलायला कुरकुर करतं. नर्सरीत पाटीवर नुसतं ‘लॅव्हेंडर’ लिहिलेलं असतं, म्हणून घेताना पानाची कड बघा. करवतीसारखी दातेरी असेल तर ते घ्या. वास जरा कापराकडे झुकणारा असतो, पण माझं चौथं रोप तेच आहे आणि त्याने दोन पावसाळे काढलेत. आईचा तांब्या आता मोगऱ्याकडे वळवलाय.