चाल आपलीच ठेव

प्रिय दोस्ता,

रात्री दोनला पाठवलेली, तुझ्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची एक्सेल शीट उघडली. अकरा रकाने. कुठला खेळाडू गेला, कोण जाणार, लीगमधून कुठलं कॉलेज बाहेर पडलं. आणि तळाशी एकच ओळ, 'काका, आता काय करायचं?'

शीट सुबक आहे. पण तुमच्या खेळाचा वेग त्यात कुठे आहे?

मिसुरी व्हॅली या तुमच्या अमेरिकन कॉलेज लीगमधून 2013 साली क्रेटन गेलं, 2017 ला विचिटा स्टेट, 2022 ला लोयोला शिकागो, 2025 ला मिसुरी स्टेट. घाबरला आहेस तू. व्हॅलीला याची सवय आहे. पोरांना 2021 पासून स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, 2024 पासून हवं तितक्या वेळा कॉलेज बदलता येतं. त्या लिलावात आपण जिंकणार नाही. चाल, म्हणजे खेळाचा वेग, आपली ठेव.

तुमच्याच लीगमधलं ड्रेक बघ. बेन मॅककॉलम 2024 ला तिथे आले ते डिव्हिजन टू या खालच्या स्तरातले आपले चार खेळाडू घेऊन. देशातल्या सर्वांत संथ संघांपैकी एक. समोरच्याला अक्षरशः कंटाळा आणायचे. 31 विजय, 4 पराभव, आणि एनसीएए या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत मिसुरी विद्यापीठावर 67-57 ने विजय.

लगेच म्हणशील, वर्षभरात ते आयोवाला गेलेच ना! गेले. अरे, म्हणूनच चाल एका माणसाच्या खिशात ठेवायची नसते. बटलर कॉलेज 2010 च्या एनसीएए फायनलमध्ये ड्यूककडून 61-59 ने हरलं. गॉर्डन हेवर्डने अर्ध्या कोर्टवरून मारलेला बॉल बोर्डला, रिंगला लागून बाहेर. हेवर्ड एनबीएत गेला. पुढच्या वर्षी बटलर परत फायनलला. (तिथे 64 पैकी 12 शॉट पडले, ते सोड.)

आमचं कॉलेज वरच्या लीगमध्ये गेलं तेव्हा 'आता पळायला हवं' हे हेड कोचच्या गळी मीच उतरवलं. दोन उंच पोरं बाहेरून आणली. फेब्रुवारीतल्या एका मॅचचा व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे. शॉट क्लॉकवर, म्हणजे बॉल मारायची मुदत दाखवणाऱ्या घड्याळावर, 19 सेकंद बाकी. चार वर्षं घडवलेला आमचा पॉइंट गार्ड बॉल धरून थांबलाय, कोपऱ्यातला गडी सुटायची वाट बघतोय. बेंचवरून माझा आवाज येतो, 'मार!' तो मारतो. बॉल रिंगलाही लागत नाही. पोरगा वळून माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

आता, समोरचे सेंटर सात-सात फुटी होते, आमच्याकडे रिबाउंड घेणारं कुणी नव्हतं. तू असतास तर तूही हेच केलं असतंस. उंच पोरं आणणं चूक नव्हतं, हे मी आजही म्हणेन. ते ओरडणं चूक होतं.

तर बारावा रकाना घाल, प्रत्येक पझेशनला, म्हणजे बॉल आपल्या हाती आल्यापासून जाईपर्यंत, किती सेकंद लागले. नोव्हेंबरात मोठी कॉलेजं पैसे देऊन बोलावतात, त्यांच्या कोर्टवर मार खायला जाल, तिथलेही सेकंद मोज. तिथेच पाय पळायला लागतात. ते व्हिडिओ मला पाठव. आणि रात्री दोनला नको, सकाळी पाठव.

तुझा,
काका