हायडेगर वाचू की मामांचं ऐकू?

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी कलिनाला फिलॉसॉफीत एमए करतेय, राहायला लालबागला. विसाव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर, त्याच्यावर पेपर लिहायला घेतलाय. परवा मामा आले, टेबलावरचं पुस्तक बघितलं, मोबाईलवर नाव टाकलं आणि म्हणाले, "अगं हा तर हिटलरच्या पार्टीचा मेंबर, ह्याचं काय वाचतेस?" मी म्हटलं, मामा, माणूस वेगळा आणि विचार वेगळा. तर म्हणाले, "मग आपण आचारविचार असं एका दमात का म्हणतो?" मला काही सुचलंच नाही. वर म्हणाले की तो दुसरा जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे पण हिटलरचा गुरू. खरं काय? – प्र., लालबाग

उत्तर : मामांना माझा नमस्कार सांग, त्यांचा प्रश्न तुझ्या उत्तरापेक्षा भारी आहे. माणूस वेगळा नि विचार वेगळा हे मीही वर्गात कित्येक वर्षं सांगत आले, पण हायडेगरला ते लागू करताना अडचण होते, कारण हा बाबाच सांगत होता की विचार हवेत होत नाही, माणूस आधीच कुठल्यातरी जगात, काळात, माणसांत टाकलेला असतो आणि तिथूनच तो विचार करतो. मग त्याच्या स्वतःच्या बाबतीत तेवढं जग बाजूला काढून ठेवायचं, हे कुठलं लॉजिक?

आधी तारखा बघ. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. एप्रिलमध्ये हायडेगर फ्रायबुर्ग विद्यापीठाचा रेक्टर झाला, म्हणजे आपल्याकडचा कुलगुरू, आणि मेच्या सुरुवातीला पार्टीत गेला. नोव्हेंबरात हायडेगरने विद्यार्थ्यांना लिहिलं की फ्युरर (म्हणजे हिटलर) आणि फक्त फ्युरर हेच आजचं आणि उद्याचं जर्मन वास्तव आणि तोच त्याचा कायदा. हे कोणी मानेवर सुरी ठेवून लिहून घेतलं नव्हतं. रेक्टरपद त्याने एप्रिल १९३४ मध्ये सोडलं, त्याचे चाहते इथे येऊन थांबतात, बघा वर्षभरात शहाणा झाला म्हणतात, पण पार्टीचं मेंबरशिप कार्ड १९४५ पर्यंत चालू होतं. १९३६ मध्ये रोमला त्याला त्याचा जुना विद्यार्थी कार्ल लोविथ भेटला, जो ज्यू असल्यामुळे देश सोडून आला होता, आणि ह्या विद्यार्थ्यासोबत दिवसभर फिरताना सरांच्या कोटावर स्वस्तिकाचा बिल्ला होता!

आता हुसेर्लचं. हा हायडेगरचा गुरू, जन्माने ज्यू, नंतर ख्रिश्चन झालेला, एक मुलगा पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढताना मेलेला. तू जे पुस्तक वाचतेयस ते १९२७ चं 'बीइंग अँड टाइम' त्यालाच अर्पण केलंय. लोक सांगतात की हायडेगरने रेक्टर झाल्यावर हुसेर्लला लायब्ररीत यायला बंदी केली, हे खोटं आहे, मामांनाही सांग. हुसेर्लला निलंबित करणारा सरकारी आदेश हायडेगर रेक्टर व्हायच्या आधीच आला होता. पण १९३८ मध्ये हुसेर्ल गेला तेव्हा शिष्य अंत्यसंस्काराला फिरकला नाही, आणि १९४१ च्या आवृत्तीतून अर्पणपत्रिका गायब. प्रकाशकाला भीती होती की पुस्तकावर बंदी येईल, असं हायडेगरचं म्हणणं, आणि आतली हुसेर्लचे आभार मानणारी तळटीप मात्र त्याने ठेवली. म्हणजे दर्शनी पानावरून काढायचं आणि आत बारीक टाइपात ठेवायचं. मला तर हा माणूस त्या तळटिपेत जेवढा दिसतो तेवढा त्याच्या भाषणांत दिसत नाही.

तरीही मी म्हणेन १९३३ मध्ये भले भले वाहवले, माफ नाही पण समजू शकते. मला जे पचत नाही ते नंतरचं. १९४५ पासून १९७६ मध्ये मरेपर्यंत ३१ वर्षं हातात होती, डोकं शाबूत, जगभर वाचक, आणि ज्यूंच्या कत्तलीबद्दल एक सरळ वाक्य जाहीरपणे बोलला नाही. हर्बर्ट मार्कूझ, तोही त्याचाच विद्यार्थी आणि ज्यू, त्याने १९४७ मध्ये पत्र लिहून अक्षरशः विनवलं की सर काहीतरी बोला, लोक वाट बघतायत. उत्तर काय आलं, तर 'ज्यू' ह्या शब्दाच्या जागी 'पूर्वेकडचे जर्मन' (म्हणजे युद्धानंतर पूर्वेकडून हाकललेले) टाका, मग दोस्तराष्ट्रांपैकी एकालाही तेच लागू होतं. १९४९ मध्ये ब्रेमेनला भाषणात म्हणाला की यांत्रिक शेती आणि गॅस चेंबरमध्ये प्रेतं तयार करणं हे मुळात एकच. ट्रॅक्टर आणि गॅस चेंबर! आणि १९५३ मध्ये १९३५ ची लेक्चर्स छापली तेव्हा नाझी चळवळीचं 'आंतरिक सत्य आणि थोरवी' हे शब्द तसेच ठेवले, त्यावर पेपरात पहिली बोंब मारली ती २४ वर्षांच्या हाबरमासने, जो पुढे स्वतः मोठा तत्त्वज्ञ झाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. २०१४ पासून त्याच्या काळ्या वह्या, म्हणजे खासगी टिपणवह्या, छापून यायला लागल्या, त्यात 'जागतिक ज्यूपणा'बद्दल जे आहे ते वाचून उरलासुरला बचावही लंगडा पडला, कारण तिथे ते राजकीय चूक म्हणून येत नाही, त्याच्या 'अस्तित्वाच्या इतिहासा'च्या, म्हणजे त्याच्या तत्त्वज्ञानाच्याच, भाषेत येतं.

मग वाचू नको का? वाच की. लोविथ, मार्कूझ, हाना आरेंट, हे सगळे ज्यू विद्यार्थी आयुष्यभर त्याच्याशी भांडत राहिले आणि त्याचंच वापरत राहिले. आरेंटबाई तर प्रेमातही होत्या, १९५० मध्ये पुन्हा भेटल्या आणि १९६९ मध्ये त्याच्या ऐंशीनिमित्त जे लिहिलं ते मला जरा जास्तच उदार वाटतं. तू पेपरात एवढं कर, की 'नियती', 'लोक', 'पिढी' हे शब्द जिथे येतात, पुस्तकाच्या शेवटाकडे येतात, तिथे थांब आणि स्वतःला विचार, की हे १९३३ कडे जाणारं दार आहे का? 'आहे' असं लोविथला वाटायचं, आणि खुद्द हायडेगरने रोममध्ये ते मान्य केलं असं तो लिहितो.

नीत्शेचं मात्र मामांचं चुकलं. हिटलर जन्मला १८८९ मध्ये आणि त्याच वर्षी जानेवारीत नीत्शेचं डोकं फिरलं ते कायमचं, १९०० मध्ये गेला तेव्हा हिटलर ११ वर्षांचा. ज्यूद्वेष्ट्यांचा त्याला मनापासून राग, बहीण एलिझाबेथने अशाच एकाशी लग्न केलं आणि दोघं पॅराग्वेत 'शुद्ध जर्मन' वसाहत करायला गेले, तेव्हा ह्याने तिला काय काय लिहून कळवलंय. ती वसाहत काही धड चालली नाही, नवऱ्याने आत्महत्या केली, बाई परत आली आणि आजारी भावाच्या वह्यांवर बसली, आयत्या बिळावर नागोबा. त्याच्या टिपणांतून 'विल टू पॉवर' नावाचं पुस्तक तिने उभं करवलं, १९३५ मध्ये ती मेली तेव्हा हिटलर स्वतः अंत्यसंस्काराला हजर. अर्थात नीत्शे धुतल्या तांदळासारखा होता असंही नाही हं, वरचे-खालचे, मालक-गुलाम अशी भाषा त्याचीच, नाझींना सगळं काही बनवून घालावं लागलं नाही. पण तो खुलासा करू शकत नव्हता. हायडेगर करू शकत होता.

प्रश्न : जर्मनीत एकही तत्त्वज्ञ नाझींविरुद्ध उभा राहिला नाही का हो? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : राहिले काका. कार्ल यास्पर्सची बायको ज्यू, तिला सोड म्हणून दबाव, ह्याने सोडलं नाही, १९३७ मध्ये प्रोफेसरकी गेली, मग छापायलाही बंदी. १९४५ मध्ये हायडेगरच्या नाझी संबंधांच्या चौकशीत ह्याच जुन्या मित्राचं मत मागवलं आणि ह्याने लिहून दिलं की तूर्तास शिकवू देऊ नका, पण लिहायला पैसे द्या.

आणि म्युनिकचे कुर्ट हूबर. तत्त्वज्ञान शिकवायचे, लायब्निझ ह्या जुन्या जर्मन तत्त्वज्ञावरची त्यांची लेक्चर्स पोरं गर्दी करून ऐकायची, त्यातलीच काही हिटलरविरोधी पत्रकं काढणाऱ्या 'व्हाइट रोझ' गटाची. स्टालिनग्राडला जर्मन सैन्य हरल्यानंतर त्या गटाचं सहावं पत्रक हूबर सरांनी लिहिलं. फेब्रुवारी १९४३ मध्ये अटक, विद्यापीठाने डॉक्टरेट काढून घेतली, तुरुंगात लायब्निझवरचं पुस्तक लिहीत बसले होते, १३ जुलैला मुंडकं उडवलं. नोकरी पक्की व्हावी म्हणून १९४० मध्ये तेही पार्टीचे मेंबर झाले होते. लालबागच्या मामांनी मोबाईलवर त्यांचं नाव टाकलं तर तेही येईल.