चिपळूणहून बँट्रीला येण्याआधी

तुमचा प्रश्न असा: आयर्लंडमधल्या बँट्रीच्या रुग्णालयात नर्सची नोकरी मिळाली आहे, यजमान औषध कंपनीतले, त्यांना कॉर्क बंदराकडे काम शोधायचंय, मुलगी पहिलीतली. नकाशावर बँट्री ते कॉर्क शहर ९० किलोमीटर, म्हणजे चिपळूण-रत्नागिरीएवढंच. मग शहरात घर घेऊन रोज ये-जा केली तर?

करू नका. मी मूळची रत्नागिरीची, इथे कॉर्क शहराजवळ कॅरिगलाइनला नऊ वर्षं झाली, म्हणून तुमच्याच हिशोबात सांगते. कॉर्क ही आयर्लंडमधली आकाराने सर्वांत मोठी काउंटी, सुमारे साडेसात हजार चौरस किलोमीटर. आपला रत्नागिरी जिल्हा याहून थोडाच मोठा. पण माणसं? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत १६ लाख होती. इथे २०२२ च्या जनगणनेत ५ लाख ८४ हजार. त्यातली सव्वादोन लाख एकट्या कॉर्क शहरात, आणि तीही २०१९ साली हद्द वाढवून बॅलिनकॉलिगसारखी उपनगरं आत घेतल्यावर. उरलेल्यातलेही बरेच बंदराभोवतीच्या गावांत: कॅरिगलाइन सुमारे १८ हजार, कोव आणि मिडलटन १४ हजारांच्या आसपास. पश्चिमेकडे निघालात की आकडे झरझर उतरतात. क्लोनाकिल्टी ५ हजार, बँट्री ३ हजारांच्या आत. म्हणजे आपल्याकडचं एखादं बऱ्यापैकी गाव. इथे मात्र त्याला ‘टाउन’ म्हणायचं, हसायचं नाही.

आता रस्त्याचं. डोंगरांच्या रांगा इथे पूर्व-पश्चिम आहेत आणि त्या सरळ समुद्रात घुसतात. हिमयुगानंतर पाणी चढलं, रांगांमधल्या दऱ्या बुडाल्या आणि पश्चिमेला हाताच्या बोटांसारखी लांब टोकं उरली: बेरा, शीप्स हेड, मिझन. मधल्या बँट्रीच्या उपसागराची लांबी ३५ किलोमीटरच्या घरात. समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण जायचं तर अख्खी खाडी वळसा घालून. दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट नसती तर काय झालं असतं ते आठवा. तशी फेरी इथे एकच आहे, ग्लेनब्रूक ते कॅरिगलो, पाच मिनिटांची, पण ती शहराजवळच्या बंदरात. बँट्रीकडे नाही.

रेल्वेही नाही. वेस्ट कॉर्कची, म्हणजे बँट्रीकडच्या पश्चिम भागाची गाडी १९६१ साली बंद झाली ती झालीच. शहरातून कोव, मिडलटन आणि मॅलोला गाड्या जातात, बाकी सगळं बस आणि मोटार. दुभाजक नसलेला अरुंद रस्ता, पुढे ट्रॅक्टर, वर पाऊस. दीड तास धरा, हिवाळ्यात जास्तच. डिसेंबरात साडेआठला उजाडतं नि साडेचारला अंधार होतो, म्हणजे जाताना अंधार, येताना अंधार. शिवाय भारतीय परवाना इथे बदलून मिळत नाही. थिअरीची परीक्षा, लर्नर परमिट, सक्तीचे धडे, मग चाचणी. लर्नरला शेजारी परवानाधारक बसवल्याशिवाय गाडी चालवता येत नाही, तेव्हा सुरुवातीला एकटीने रोजची फेरी तशीही शक्य नाही.

म्हणून माझं मत: पहिलं वर्ष बँट्रीतच, रुग्णालयापासून चालत जाता येईल असं घर. यजमानांचं बंदराकडच्या रिंगास्किडीला जमलं (औषध कंपन्यांची दाटी तिथेच) तर मग मध्यावर क्लोनाकिल्टी किंवा बँडन बघा. आधीच शहरात डिपॉझिट अडकवू नका. भाड्याची घरं मुळात कमी, एक सुटलं की दुसरं लगेच मिळत नाही. आमच्या पहिल्या घरमालकाने तीन आठवड्यांची मुदत देऊन घर विकायला काढलं होतं. तेव्हा करार नीट वाचायची अक्कल आली.

घर बघताना पाण्याचंही विचारा. चिपळूणकरांना हे सांगायला नको. भरती आणि पाऊस एकत्र आले की बँट्रीच्या खालच्या भागात पाणी भरतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिडलटनचा मुख्य रस्ता नदी झाला होता. कॉर्क शहराचा मध्य तर ली नदीच्या दोन फाट्यांमधलं बेटच. गावाच्या आयरिश नावाचा अर्थच दलदल. पावसाला भिऊ नका पण. कॉर्क शहराकडे वर्षाला १,२०० मिलिमीटरच्या आसपास, रत्नागिरीच्या निम्म्याहून कमी. फक्त तो चार महिन्यांत उरकत नाही, बाराही महिने रोज थोडा थोडा हजेरी लावतो. बर्फ क्वचित.

पश्चिमेकडे फिरताना छप्पर नसलेली दगडी घरं दिसतील. १८४१ साली या काउंटीत साडेआठ लाख लोक होते. मग बटाट्याचा दुष्काळ आला, स्किबरीनला हजारो माणसं खड्ड्यांत पुरली गेली, आणि १८४८ ते १९५० या काळात एकट्या कोवच्या धक्क्यावरून २५ लाख लोक देश सोडून गेले. साडेआठ लाखांचा तो आकडा अजून भरून आलेला नाही. म्हणून एवढी मोकळी जागा. तुम्ही कुठून आलात, घरी कोण कोण आहे, हे इथली म्हातारी माणसं दुसऱ्याच वाक्यात विचारतात. तो भोचकपणा समजू नका.

शीप्स हेडवर अहाकिस्टाला एकदा जाऊन या. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं विमान याच किनाऱ्यापलीकडे पडलं, ३२९ माणसं गेली. त्यांचं स्मारक तिथे आहे आणि गावातले लोक दरवर्षी त्या सकाळी जमतात.

मुलीच्या शाळेसाठी घराचा पत्ता ठरल्याबरोबर अर्ज टाका. आणि येताना आमसुलं, त्रिफळं आठवणीने भरा. बांगडे इथे आहेत, ऑगस्टमध्ये धक्क्यावर उभं राहून गळाला लागतात.